इकोचं बटण

परवा हर्षल दुकानात आला. हर्षल म्हणजे बन्सी सरांचा थोरला मुलगा. हातात पेढ्यांचा बॉक्स, काखेत पत्रिकांचा गठ्ठा. म्हणाला, "अलीमचाचा, पप्पांना पन्नास पूर्ण होतायत. मोठा सत्कार ठेवलाय. आम्ही गौरव अंक काढतोय. तुम्ही अठरा वर्षं पप्पांबरोबर फिरलात, दोन पानं लिहून द्या. जे आठवेल ते."

जे आठवेल ते! पोरगं भोळं आहे. त्याला वाटलं असणार, हा स्पीकरवाला दोन-चार गमती लिहील, शेवटी सरांसाठी उदंड आयुष्य मागेल आणि मोकळा होईल. मीही पेढा खाल्ला आणि हो म्हणालो. आता दोन दिवस झालेत. वही समोर आहे, पण जे आठवतंय ते गौरव अंकात छापण्याजोगं नाही. तरी लिहून तर टाकतो.

आधी माझं काम सांगतो. राहात्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं दुकान आहे, अलीम मंडप अँड साऊंड. लग्न, वाढदिवस, प्रचार सगळं करतो, पण आमच्या भागात स्पीकरवाला जगतो तो दहाव्यावर. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी गोदावरीच्या घाटावर दशक्रिया विधी होतो. महाराजांचं प्रवचन होतं, गुरुजी पिंडाचं करतात, आणि मधल्या वेळात श्रद्धांजलीची भाषणं चालतात. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, कुठल्यातरी पक्षाचा माणूस गाडीतून उतरतो आणि चप्पल न काढता थेट माईककडे येतो. पाचशे-हजार माणूस बसलेलं असतं. एवढी गर्दी फुकट मिळत असेल तर कोण सोडेल? निवडणुकीच्या साली मेलेल्या माणसाचं नाव दोनदा येतं आणि योजनांची नावं वीस वेळा. मी दोन कर्णे बांधतो, बॅटरीवर अँप्लिफायर लावतो आणि लांब दगडावर मिक्सर घेऊन बसतो. माझ्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

बन्सी सर मला पहिल्यांदा भेटले ते कडूबाईच्या दहाव्याला. कडूबाई आमच्या आठवडे बाजारात भाजी विकायची. तिला दोन लेक, दोन सुना. थोरल्या लेकाचं राजकारणात थोडं येणं-जाणं होतं म्हणून चार पुढारी आले होते. एक जण म्हणाला, "कडूबाईंच्या जाण्यानं सहकार क्षेत्रात पोकळी निर्माण झाली." कडूबाईचा सहकाराशी संबंध एवढाच, की सोसायटीच्या भिंतीला टेकून ती बसायची. दुसऱ्यानं तिला 'कै. बाळासाहेब' म्हटलं, कारण त्याच्या खिशातली चिठ्ठी आदल्या दहाव्याची होती. लोक काही हसले नाहीत. ऐकतंय कोण?

मग एक किडकिडीत माणूस उठला. विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवणारा, इस्त्री गेलेला पांढरा शर्ट. त्यानं माईक घेतला आणि काहीच बोलला नाही. मला वाटलं माझीच वायर तुटली. मी तपासायला उठणार तेवढ्यात तो हळू आवाजात म्हणाला, "कडूबाई कोथिंबिरीची जुडी बांधताना एक काडी जास्त घालायची. सुनेनं विचारलं, कशाला? तर म्हणायची, घरी जाताना एक तरी गळतीच."

घाटावरच्या बायका रडायला लागल्या. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या. पाच मिनिटं बोलला तो माणूस, 'पोकळी' हा शब्द एकदाही न उच्चारता. मी गेलो विचारायला, सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, "धाकट्या सुनेनं. परवा जाऊन बसलो होतो घरी."

ती त्यांची रीत होती. आठव्या दिवशी ते मयताच्या घरी जायचे. पुढच्या खोलीत सतरंजीवर पुरुष बसलेले असायचे, तिथं थांबायचे नाहीत. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचे. 'कसा माणूस होता' असं कधी विचारायचे नाहीत, कारण त्याला सगळे एकच उत्तर देतात. विचारायचे, "सकाळी उठल्यावर आधी काय करायचे?" मग गप्प. बाई सांगायला लागली की मान हलवायचे नाहीत, 'अरेरे' करायचे नाहीत, वही काढायचे नाहीत. नुसते ऐकायचे. घरात आठ दिवस येणारा-जाणारा फक्त बोलून गेलेला असायचा. ऐकणारा हा पहिलाच. बायका त्यांना असं काही सांगून बसायच्या, जे सख्ख्या भावालाही सांगितलेलं नसायचं. मी त्यांना मोटारसायकलवरून न्यायचो आणि दाराशी बसायचो. खरं सांगतो, त्यांच्यासारखं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांच्यावर जीव टाकायचो.

हळूहळू आमची जोडी झाली. दहावा म्हटलं की सूत्रसंचालन बन्सी सरांचं आणि स्पीकर अलीमचा. सर मला प्रत्येक भाषण पेन ड्राइव्हवर घ्यायला लावायचे. घरी जाऊन ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "अलीमभाई, काल मी तीनदा 'खरोखर' म्हणालो. माणूस खरं बोलत असला की 'खरोखर' म्हणत नाही." एवढी मेहनत.

माझ्या मिक्सरवर इकोचं एक बटण आहे. ते जरा फिरवलं की आवाजामागून आवाज येतो, साधं वाक्यही मोठं वाटतं. सरांचं आणि माझं एक ठरून गेलं होतं. मुद्द्याचं वाक्य आलं की सर थांबायचे. मनात एक, दोन, तीन मोजायचे. तेवढ्यात मी बटण फिरवायचो. मग वाक्य पडायचं आणि नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत जायचं. पुढं पुढं मला मोजावंही लागेना. सर थांबले की हात आपोआप जायचा.

नाव झालं. नेत्यांच्या सभा आल्या, लग्नं आली. राहात्यात एका हॉलमध्ये त्यांनी भाषणकलेचे वर्ग काढले, तिथं माझी लेक शिफाही जायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "अब्बा, सर म्हणाले, समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखलं की अर्धं भाषण झालं." मला जरा खटकलं. सर पूर्वी समोरच्याला काय सांगायचंय ते ऐकायचे, आता त्याला काय ऐकायचंय ते ओळखायचे. पण म्हटलं, वर्गात पोरांना सोपं करून सांगावं लागत असेल. दुर्लक्ष केलं.

शाळेत मात्र त्यांचं काही खरं नव्हतं. वीस वर्षं विनाअनुदानित. त्यांच्या नावाला सरकारची मान्यता मिळाली तर पगार सुरू होणार, आणि प्रस्ताव पुढं पाठवायचा की नाही ते संस्थेच्या हातात. संस्थेच्या कमिटीत आप्पासाहेब होते.

आता आप्पासाहेब आणि रविराज. दोघं सख्खे भाऊ. आप्पासाहेब मोठे, सोसायटीचे चेअरमन, कडक इस्त्रीचे. रविराज धाकटा, आणि माझा दोस्त. घरची जमीन बापानंतर आप्पासाहेबांच्या नावावर लागली होती, कारण कागदपत्रं तेच बघायचे. त्यातल्या अडीच एकरांत रविराजनं पेरूची बाग लावली. पंधरा वर्षं त्या बागेत राबला. खड्डे त्याचे, कलमं त्याची, पाणी त्याचं. रमजानला दर वर्षी पाटीभर पेरू माझ्या दुकानात आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या अलीमभाई, रोजा सोडायला." कधी विषय निघालाच तर म्हणायचा, "दादा हाय की. तो काय मला बाहीर काढतोय व्हय?"

तीन वर्षांपूर्वी रविराज गेला. चाळिशीही झाली नव्हती. मागं बायको ज्ञानेश्वरी आणि नऊ वर्षांची सृष्टी.

आठव्या दिवशी सर आणि मी त्यांच्या घरी गेलो. सर उंबऱ्याशी बसले, मी दाराला टेकून. सरांनी नेहमीचंच विचारलं, सकाळी उठल्यावर आधी काय करायचे? ज्ञानेश्वरीवहिनी म्हणाल्या, "आधी बागंत चक्कर मारून यायचे. मंग चहा."

आणि मग सगळं बोलल्या. पहाटे छातीत कळ आली. घरात गाडी एकच, आप्पासाहेबांची, चावी त्यांच्या उशाशी. वहिनी उठवायला निघाल्या तर रविराजनं हात धरला. म्हणाला, "दादाला तरास देऊ नको. आत्ताच तालुक्याहून आलाय, झोपू दे. उजाडलं की जाऊ." उजाडायच्या आत तो गेला. वहिनी म्हणाल्या, "म्या ऐकायलाच नको हुतं, सर. उठवायला पायजे हुतं. हे म्या कुनालाच सांगितलं न्हाई. लोक मलाच बोलतील." मग म्हणाल्या, "त्यांचा जीव बागंतच हाय. ती सृष्टीच्या नावावर झाली तर मला काय बी नको."

उठताना सरांनी वहिनींना हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं. नाटक मला ओळखू येतं.

दहाव्याला घाटावर हजारभर माणूस. भाषणं झाली, पिंड ठेवले, लोक मागं सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले. आमच्याकडे समजूत अशी, की कावळा पिंडाला शिवला म्हणजे जाणारा समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी अडलंय. मग घरचे एकेक पुढं होऊन त्याला शब्द देतात, पोरांना शिकवू, म्हातारीला सांभाळू. त्या दिवशी कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला. मेव्हण्यानं शब्द दिला, मित्रांनी दिला. काही नाही. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. सृष्टी आईला विचारत होती, "पप्पा रागावलेत का?"

तेव्हा सरांनी कॉर्डलेस माईक उचलला. आप्पासाहेबांजवळ गेले आणि म्हणाले, "आप्पासाहेब, तुमच्या भावाचा जीव बागेत अडकलाय. त्याला तुम्हीच मोकळं करू शकता." आणि माईक त्यांच्या तोंडापुढं धरला.

हजार माणसं आप्पासाहेबांकडे बघत होती. त्यांनी टोपी काढली. रडत होते तेही. म्हणाले, "रवी, बाग सृष्टीच्या नावावर करून देतो. तू जा."

मी इतका वेळ बटणाला हात लावला नव्हता. लावायची गरजच नव्हती. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, पिंडाभोवती फिरला आणि शिवला. लोकांनी हात जोडले. ज्ञानेश्वरीवहिनी सरांच्या पाया पडायला आल्या, तर सरांनी त्यांना अर्ध्यातून उठवलं आणि म्हणाले, "वहिनी, मी काय केलं? मी फक्त ऐकलं होतं." तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. तिथं थांबले असते तर मी आज गौरव अंकाला दोन काय, दहा पानं दिली असती.

वर्ष गेलं. बाग नावावर झाली नाही. वहिनी विचारायच्या, आप्पासाहेब म्हणायचे वर्षश्राद्ध होऊ दे. ते झालं, मग म्हणाले तलाठी नवीन आहे. मग कळलं की शिर्डीकडून येणाऱ्या रस्त्याला जागेचे भाव वाढलेत आणि बाग काढून तिथं लग्नाचं लॉन करायचं चाललंय. वहिनींनी भावकीची बैठक मागितली. भावकीत सगळ्यात वडील कानिफनाथबाबा, त्यांनी होकार दिला.

बैठकीच्या आधी वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "अलीमभाई, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग असंल ना तुमच्याकडं?" माझ्याकडे होतं. द्यायला मला तीन दिवस लागले, हेही लिहून ठेवतो. आप्पासाहेबांच्या शब्दावर मला वर्षाला तीस-चाळीस कामं मिळतात. पण दिलं. रविराजचे पेरू आठवले आणि दिलं.

बैठक मारुतीच्या मंदिरासमोर सभामंडपात. माईक लावायला आप्पासाहेबांनीच सांगितलं. मला नवल वाटलं, भावकीच्या बैठकीला माईक कशाला? मग बन्सी सर येऊन पुढच्या खुर्चीत बसले आणि मला समजलं. त्याच महिन्यात संस्थेकडून मान्यतेचे प्रस्ताव जाणार होते.

वहिनींनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. मी लावलं. दोन्ही कर्ण्यांतून आप्पासाहेबांचा रडका आवाज आला, "रवी, बाग सृष्टीच्या नावावर करून देतो. तू जा." कानिफनाथबाबा काठी टेकत म्हणाले, "झालं की मंग. आवाज तुझाच हाय, आप्पा. दे करून."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली होती. एक क्षण वाटलं, हा माणूस देतोय. पण तो म्हणाला, "बाबा, मी काय बोलू? त्या दिवशी माईक सरांच्या हातात हुता. सरांनी सांगावं."

सर उठले. माईक घेतला. थांबले. सगळा मंडप त्यांच्याकडे कान लावून होता.

"मंडळी," ते म्हणाले, "शब्द दोन तऱ्हेचे असतात. एक व्यवहाराचा. त्याला कागद लागतो, साक्षीदार लागतो, तलाठी लागतो. दुसरा शब्द घाटावरचा. तो जिवंत माणसासाठी नसतोच. जाणाऱ्या जिवाची वाट मोकळी व्हावी म्हणून तो दिलेला असतो. पिंडाला आपण घास ठेवतो, तो कुणी मोजतं का? त्या दिवशी एका भावानं दुसऱ्या भावाला निरोप देताना आपलं काळीज काढून ठेवलं." इथं ते थांबले. एक, दोन, तीन. "आता आपण त्या काळजाचा सात-बारा मागायचा?"

माझा हात बटणावर गेला होता. मी नेला नाही, गेला. 'सात-बारा मागायचा, मागायचा' असं मारुतीच्या कळसापर्यंत घुमलं. मंडपातल्या माना हलल्या. "वा," मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण सरांना कुठं थांबायचं ते कळत होतं, आणि ती जागा अजून आली नव्हती. ते वहिनींसमोर गेले, आवाज खाली आणला.

"वहिनी, मी तुमच्या उंबऱ्याशी बसून ऐकलंय. रविराज देवमाणूस. शेवटच्या क्षणी तो काय म्हणाला होता? 'दादाला त्रास देऊ नको.' म्हणाला होता की नाही? खरं सांगा." आणि माईक वहिनींच्या तोंडापुढं धरला.

मी दाराला टेकून ते ऐकलं होतं. तो त्रास कसला होता हे जगात चौघांना माहीत होतं. त्यातला एक मेलेला, एक हे विचारणारा, एक उत्तर देणारी आणि एक मी.

वहिनी बावरल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाल्या, "व्हय."

इको अजून चालूच होता. 'व्हय, व्हय, व्हय' करत तो शब्द दोन्ही कर्ण्यांतून चारी दिशांना गेला. "म्हणले हुते, पर ते गाडीसाठी," एवढं त्या पुढं बोलल्या, पण सरांनी तोवर माईक काढून घेतला होता. पुढचं फक्त पहिल्या ओळीला ऐकू गेलं असेल, आणि पहिल्या ओळीत आप्पासाहेबांची माणसं होती. लोक टाळ्या वाजवत होते. भावकीच्या बैठकीत, एका विधवेच्या तोंडून 'हो' निघालं म्हणून टाळ्या! कानिफनाथबाबांनी डोळे पुसले. म्हणाले, "आता मयताचीच विच्छा म्हनल्यावर आपुन काय बोलनार?" आप्पासाहेब लगेच उठले आणि सृष्टीच्या लग्नाचा सगळा भार आपण उचलू असं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या.

माझ्या पायाशी वायरचा दुसरा माईक होता. चालू होता. मी तो उचलून वहिनींच्या हातात देऊ शकत होतो. मी स्वतः उठून सांगू शकत होतो, बाबांनो, तो त्रास गाडीचा होता, बागेचा नव्हता, आणि त्या गाडीपायीच तो मेला. एवढं बोलायला भाषणकलेचा वर्ग लागत नाही. मी वायरी गुंडाळल्या.

टेम्पोत सर माझ्या शेजारी बसले. मग सवयीनं म्हणाले, "रेकॉर्डिंग केलंत ना?"

"केलं."

"अलीमभाई, खरं सांगा. मी एक शब्द तरी खोटा बोललो का?"

"न्हाई," मी म्हणालो. खरंच, एकही नव्हता. मला त्या वेळी त्यांची किळस आली आणि स्वतःची त्याहून जास्त. ते निदान वीस वर्षांच्या उपासमारीनंतर विकले गेले. मी कशासाठी गप्प बसलो? तीस-चाळीस दहाव्यांसाठी.

जूनमध्ये सरांची मान्यता आली. त्यानंतर ते मयताच्या घरी जायचे बंद झाले. वेळ नसतो म्हणतात. आता फोनवर दोन प्रश्न विचारतात आणि भाषण तयार होतं. लोक अजून रडतात. कोथिंबिरीच्या काडीची गोष्ट मी आत्तापर्यंत चार वेगवेगळ्या मेलेल्या बायकांच्या नावावर ऐकली आहे.

बाग जेसीबीनं दोन दिवसांत काढली. झाडांना तेव्हा फळ होतं. आता तिथं हिरवळ आहे, कारंजं आहे, आणि कमानीवर आप्पासाहेबांनी भावाच्या प्रेमाखातर नाव दिलंय, 'कै. रविराज लॉन्स'. स्पीकरचं तिथलं सगळं काम माझ्याकडेच आहे. सरांचा सत्कारही तिथंच आहे.

ज्ञानेश्वरीवहिनी सृष्टीला घेऊन शिर्डीला गेल्या. एका फुलांच्या दुकानात हार बांधतात. मी त्या गल्लीनं जायचं टाळतो, पण सत्काराच्या हारांचं काम हर्षलनं माझ्या गळ्यात घातलं, आणि माझ्या नेहमीच्या दुकानात फुलं नव्हती. काल गेलो. त्या खाली बसून गुलाब ओवत होत्या. मला बघून हसल्या.

"कुनाचा सत्कार हाय, अलीमभाई?"

खोटं सुचेना. सांगितलं.

त्यांनी दोरा दातानं तोडला. "मोठा हार पायजे मंग. म्याच बांधते." थोडा वेळ बोटं चालत राहिली. मग वर न बघता म्हणाल्या, "एक इचारू? तुमाला त्या मशिनीतलं कळतं म्हनून इचारते. त्या दिशी माझं 'व्हय' लई घुमलं. पुढचं का नाय आलं?"

"माईक लांब गेला होता, वहिनी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या पायाशी दुसरा हुता की."

मी हारांची ऑर्डर सांगितली आणि निघालो.

आत्ता हर्षलचा फोन येऊन गेला. अंक छपाईला चाललाय, चाचा, लेख झाला का? ही वही समोरच होती. म्हटलं, बाबा, मला काही लिहिता येत नाही, माझी अर्ध्या पानाची जाहिरात घे. शुभेच्छुक म्हणून नाव टाक. तो म्हणाला, चालेल की, पण पप्पांनी आठवणीनं सांगितलंय, त्या दिवशी आवाज एकदम घाटावरच्यासारखा पाहिजे. इको नीट ठेवा. स्पीकर तुमचाच आहे ना?

माझाच, म्हणालो.